शकुंतलेला तिच्या भाषेत बोलू द्या

शाकुंतल आपल्याकडे कसं शिकवतात ते आठवून बघा. दुष्यंताचा श्लोक आला की अन्वय होतो, समास सुटतात, वृत्त ओळखलं जातं, अलंकार सांगितला जातो, आणि शकुंतला बोलायला लागली की वर्गात सूचना येते, प्राकृत सोडा, छाया वाचा. प्राकृत म्हणजे संस्कृतच्या बरोबरीनं वापरात असलेल्या जुन्या भाषा, आणि छाया म्हणजे त्या प्राकृत वाक्याचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं संस्कृत. ते कालिदासानं लिहिलेलं नाही, नंतरच्या टीकाकारांनी आणि संपादकांनी वाचकाच्या सोयीसाठी तयार केलंय. मी ज्या कॉलेजात शिकले तिथं आख्खं नाटक असंच संपलं, नायिकेची एकही ओळ तिच्या स्वतःच्या भाषेत मोठ्यानं वाचली गेली नाही आणि त्यामुळे परीक्षेत कुणाचा एक मार्कही गेला नाही. स्टेजवरही बहुतेक वेळा हेच चालतं. संस्कृत नाटक बसवायचं ठरलं की स्क्रिप्ट तयार करतानाच प्राकृत काढून तिथं छाया टाकली जाते आणि मग राजापासून दासीपर्यंत सगळे एकाच शुद्ध संस्कृतात बोलतात.

ही सवय मोडायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि ती मोडायची जबाबदारी महाराष्ट्रातल्या संस्कृत आणि मराठी शिकवणाऱ्यांवर जरा जास्तच आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले, स्टेटस टाकले, ते योग्यच होतं. त्याच निर्णयात प्राकृतलाही तोच दर्जा मिळाला ही गोष्ट मात्र फार कमी जणांच्या बोलण्यात आली. मराठीचं वय सिद्ध करताना आपण सातवाहनांचे प्राकृत शिलालेख दाखवतो, हालाची गाथासप्तशती दाखवतो, पण जिथं प्राकृत आजही अभ्यासक्रमात समोर येतं, म्हणजे नाटकांत, तिथं ते ओलांडून पुढं जातो.

आधी थोडं यातल्या व्यवस्थेबद्दल, कारण अनेकांना वाटतं की प्राकृत म्हणजे मध्येमध्ये टाकलेली गावठी भाषा. तसं नाहीये, ती बारकाईनं आखलेली पद्धत आहे. नाट्यशास्त्रात सात भाषांची यादी आहे, मागधी, आवंती, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाह्लीका आणि दाक्षिणात्या. दहाव्या शतकातला धनंजय दशरूपकात सांगतो की हलक्या दर्जाचं पात्र ज्या देशाचं असेल त्या देशाची भाषा त्याला द्यावी, आणि कार्य तसं असेल तर उत्तम पात्रांचीसुद्धा भाषा बदलावी. साधारण रूढी अशी की राजा, मंत्री, ब्राह्मण, ऋषी संस्कृत बोलतात, बायका आणि विदूषक शौरसेनी, बायकांची गाणी आणि पद्य महाराष्ट्री या प्राकृतात, आणि कोळी, शिपाई, मारेकरी वगैरे मागधी किंवा तिच्या जवळच्या बोलीत. हे सगळं फार जुनं आहे. मध्य आशियात जर्मनांच्या तुर्फान मोहिमेला अश्वघोषाच्या नाटकांचे ताडपत्रांवरचे तुकडे सापडले, हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन अभ्यासकानं ते 1911 मध्ये छापले, आणि त्या कुषाणकाळच्या तुकड्यांतही पात्रागणिक वेगवेगळी प्राकृतं आहेत. म्हणजे आपल्या हातात असलेलं सगळ्यात जुनं नाटकसुद्धा बहुभाषिकच आहे. शूद्रकाचं मृच्छकटिक घेतलं तर त्यात चारुदत्त, शर्विलक, आर्यक, विट, न्यायाधीश अशी मोजकीच पात्रं संस्कृत बोलतात, बाकी सगळी उज्जयिनी प्राकृत बोलते. अशा नाटकाला आपण ‘संस्कृत नाटक’ म्हणतो आणि मग त्या नावाला जागायचं म्हणून उरलेल्यांच्या तोंडीही संस्कृतच घालतो.

आता यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप आधीच घेते, कारण तो खरा आहे आणि टाळून चालणार नाही. ही व्यवस्था विषमतेची होती. बाई आहेस म्हणून प्राकृत, कोळी आहेस म्हणून त्याहून खालचं प्राकृत. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकात मैत्रेय हा विदूषक म्हणतो की मला दोन गोष्टींचं हसू येतं, संस्कृत म्हणणारी बाई आणि बारीक आवाजात गाणारा पुरुष, आणि पुढं म्हणतो की संस्कृत म्हणणारी बाई म्हणजे नुकतीच वेसण घातलेली तरणी गाय, नुसती सू सू करते. हे वाचून आजही राग येतो आणि यावा. त्यामुळे काही जण, विशेषतः नाटक करणारी तरुण मुलं, मनापासून म्हणतात की हा भेदभाव आपण कशाला चालू ठेवायचा, सगळ्यांना संस्कृत दिलं तर निदान समानता तरी येईल. त्यांचा हेतू मला पटतो, उपाय पटत नाही. सगळ्यांना राजाची भाषा दिली की राजाची भाषा हीच खरी भाषा हे आपण मान्य करून बसतो. शिवाय भेदभाव होता तो लपतो, आणि प्रेक्षक असा समज घेऊन घरी जातो की प्राचीन भारतात दासीपासून मारेकऱ्यापर्यंत सगळे अस्खलित संस्कृत बोलायचे. हा समज आज किती ठिकाणी किती आत्मविश्वासानं मांडला जातो ते आपण बघतोच. तो खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचा पुरावा खुद्द कालिदास आणि शूद्रक आपल्या हातात देतात, तर आपणच तो पुरावा खोडून टाकतो.

आणि नाटककारांनी हा नियम यांत्रिकपणे पाळलेलाही नाही. मैत्रेय स्वतः ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत, सगळे विदूषक तसेच. त्याच्या त्या टोमण्यानंतरच्याच अंकात वसंतसेना, एक गणिका, त्याचं स्वागत संस्कृतात करते आणि चारुदत्ताला झाडाची उपमा देऊन गुण ही पालवी, विनय या फांद्या असा श्लोक त्याच संस्कृतात म्हणते. ज्यानं संस्कृत बोलणाऱ्या बाईला हसून घेतलं त्यालाच समोर बसवून शूद्रकानं हे केलंय, आणि हे योगायोगानं झालं असेल असं मला वाटत नाही. भवभूतीच्या उत्तररामचरितात आत्रेयी वेदांत शिकायला पायी दक्षिणेत अगस्त्यांच्या आश्रमाकडे निघालीय, ती संस्कृत बोलते. तिसऱ्या अंकात सीता आणि तमसा नदी एकमेकींशी बोलतात तेव्हा सीता शौरसेनीत बोलते आणि तमसा संस्कृतात, दोघी बायका, दोन भाषा, आणि ‘एको रसः करुण एव’ हा सगळ्यांना पाठ असलेला श्लोक त्या तमसेचा आहे. छाया वापरून हा अंक केला की यातलं काहीच कानाला कळत नाही. कोण कुठल्या भाषेत बोलतंय हे ऐकू आलं तरच ती भाषा कधी बदलली हे कळणार ना.

शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकातलं पत्र घ्या, मला यासाठी सगळ्यात आवडतं उदाहरण तेच आहे. शकुंतला आजारल्यासारखी पडलीय, मैत्रिणी म्हणतात राजाला पत्र लिही, लिहायला साहित्य नाही तर प्रियंवदा सुचवते की पोपटाच्या पोटासारख्या मऊ कमळाच्या पानावर नखांनी अक्षरं उमटव. ती लिहिते आणि वाचून दाखवते, ‘तुज्झ ण आणे हिअअं’, तुझं मन मला माहीत नाही, पण माझे अवयव मात्र हा कामदेव रात्रंदिवस जाळतोय. हे आर्या वृत्त आहे, पहिल्या चरणात बारा मात्रा लागतात, आणि प्राकृतात त्या बरोब्बर बारा भरतात. छायेत त्याचं होतं ‘तव न जाने हृदयम्’. मोजून बघा, अकरा मात्रा. वृत्त मोडलं. म्हणजे छाया मोठ्यानं वाचणारी मुलगी प्रेमपत्रातली कविता म्हणतच नसते, कवितेचा सरळ अर्थ सांगत असते. आणि पुढची गंमत तर पूर्णच जाते. आडोशाला उभा असलेला राजा एकदम पुढे येऊन उत्तर देतो ते त्याच आर्या वृत्तात, आणि सुरुवात करतो ‘तपति’ या शब्दानं, म्हणजे तिनं प्राकृतात ‘तवइ’ म्हटलेलं असतं तेच क्रियापद उचलून तो संस्कृतात परत करतो. दोघं एकाच तालात पण आपापल्या भाषेत बोलतायत, तिची भाषा त्याला कळते, त्याची तिला कळते, कुणीही कुणासाठी भाषा सोडत नाही. दोन भाषांमधला असा प्रेमसंवाद कालिदास लिहून गेलाय आणि आपण त्यातली एक भाषा पुसून मग त्याला शृंगाररसाचा उत्तम नमुना म्हणून शिकवतो.

आणि ते ‘तुज्झ ण आणे’ मराठी माणसानं नुसतं एकदा कानांनी ऐकावं. तुज्झ म्हणजे तुझं, आणि ण आणे म्हणजे ज्ञानेश्वरीपासून अभंगांपर्यंत आपल्याला भेटत राहणारं नेणें. शब्दकोश न उघडता अर्धी ओळ कळते. वर्गातल्या मुलांना संस्कृतपेक्षा हे जवळचं वाटू शकतं, पण आपण त्यांना सांगतो की हे अवघड आहे, सोडून द्या.

पाचव्या अंकात हीच मुलगी भर दरबारात राजाला म्हणते, ‘अणज्ज’, अनार्या, तू सगळ्यांना स्वतःच्या मनावरून ओळखतोस. दरबारात संस्कृत चाललंय, पुरोहित, कण्वाचे शिष्य, राजा, सगळे मोठमोठ्या श्लोकांत बोलतायत, बायका कशा जन्मजात धूर्त असतात यावर राजा सुभाषित ऐकवतो, आणि त्यात आपलं खरं सांगणारी ही मुलगी प्राकृतात बोलतेय. मी असं म्हणत नाही की कालिदासानं प्राकृत म्हणजे सत्य आणि संस्कृत म्हणजे खोटं असं काही ठरवलं होतं, तो रूढीच पाळत होता. पण रूढी पाळतानाही भाषेचा तो फरक स्टेजवर ऐकू येणारच, आणि आजच्या प्रेक्षकाला तो प्रसंग त्या फरकासकट मिळाला तर तो जास्त अस्वस्थ होईल. आणि सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याला ‘दंताइं दे गणइस्सं’, तुझे दात मोजणार, असं म्हणणारा छोटा सर्वदमन, म्हणजे भरत, तोही प्राकृतच बोलतो. ज्याच्या नावाशी आपण देशाचं नाव जोडतो त्याचं कालिदासाच्या नाटकातलं बोलणं प्राकृतात आहे, हे किती जणांना शाळेत सांगितलं जातं?

काही ठिकाणी तर छाया घातली की कथानकच कोसळतं. मुद्राराक्षसाच्या दुसऱ्या अंकात एक गारुडी येतो, साप खेळवतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी प्राकृतात बोलतो, आणि मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून स्वतःशी बोलताना एकदम संस्कृतात जातो. तिथं प्रेक्षकाला कळतं की हा गारुडी नाही, राक्षस नावाच्या अमात्याचा हेर विराधगुप्त आहे. भाषा हाच वेष आहे आणि ती बदलणं हाच वेष उतरवणं आहे. विशाखदत्तानं रंगसूचनेत तसं लिहिलंय, ‘संस्कृतमाश्रित्य’, म्हणजे संस्कृतचा आधार घेऊन. आता गारुड्याला सुरुवातीपासूनच संस्कृत दिलं की ही रंगसूचना कागदावर नुसती पडून राहते, आणि पाटलिपुत्रातल्या त्या हेरगिरीची सगळी धार जाते.

मृच्छकटिकाच्या सहाव्या अंकातला चंदनक त्याहून भारी. आर्यक तुरुंगातून पळून एका गाडीत लपलाय, वीरक आणि चंदनक हे दोघे पहारेकरी गाडी अडवतात, चंदनक आत बघतो, आर्यकाला ओळखतो, त्याला अभय देतो आणि खाली उतरून सांगतो, मी बघितलं, अज्जो... आणि जीभ सावरून, अज्जआ वसंतसेना. आर्य म्हणता म्हणता आर्या केलं. वीरकाला शंका येते, तुझा आवाज का घोगरा झाला, आधी अज्जो म्हणालास आणि मग अज्जआ. त्यावर चंदनक काय म्हणतो? ‘वअं दक्खिणत्ता अव्वत्तभासिणो’, आम्ही दाक्षिणात्य, आमचं बोलणं अस्पष्टच असतं, आम्ही कर्णाट, द्रविड, चोल, चीन, बर्बर अशा कितीतरी लोकांच्या भाषा बोलतो, दिट्ठो काय आणि दिट्ठा काय, अज्जो काय आणि अज्जआ काय, काहीही म्हणतो. एका माणसाचा जीव वाचवायला हा शिपाई स्वतःच्या बोलीची बदनामी ढाल म्हणून पुढे करतो. उत्तरेतले लोक दक्षिणेतल्या माणसाच्या बोलण्याला हसतात हे त्याला पक्कं माहीत आहे आणि तेच तो वापरतो. आता हाच चंदनक पाणिनीय संस्कृतात लिंगवचनं अचूक सांभाळत म्हणणार की आम्ही दाक्षिणात्य अस्पष्ट बोलतो, तर त्याला काही अर्थ तरी राहतो का? आपल्याकडं वस्त्रहरण मालवणी काढून प्रमाण मराठीत करायची कल्पना कुणी मांडली तर गावागावातून विरोध होईल. मृच्छकटिकाचं आपण वर्षानुवर्षं तेच करतोय आणि कुणाला काही वाटत नाही.

मृच्छकटिकातला राजाचा मेहुणा शकार, त्याचंही तेच. त्याचं नावच त्याच्या ‘श’वरून पडलंय, स चा श आणि र चा ल करत तो बोलतो, रावणाच्या तावडीत कुंती सापडली तशी तू माझ्या तावडीत सापडलीस असं वसंतसेनेला सांगतो, ‘लावणश्शेव कुंती’. छायेत रामायण-महाभारताची भेसळ टिकते, पण तो घाणेरडा, लाडावलेला, सत्तेच्या जोरावर माजलेला आवाज जातो. आणि प्रस्तावनेत तर सूत्रधारच संस्कृतात बोलता बोलता थांबून सांगतो की आता कामासाठी आणि प्रयोगासाठी मी प्राकृत बोलणारा झालो, आणि पुढं भूक लागलीय, घरी जेवायला काय आहे हे सगळं प्राकृतात. ते वाक्य ठेवून पुढचं बोलणं संस्कृतात चालू ठेवणाऱ्यांनी ते वाक्य तरी कशाला ठेवावं हे मला खरंच कळत नाही.

आता अभ्यासकांचे आक्षेप. पहिला म्हणजे नाटकातलं प्राकृत हे खरं बोललं जाणारं प्राकृत नव्हतं, वैयाकरणांच्या नियमांनी घडवलेलं होतं, नंतरचे नाटककार तर बहुधा मनात संस्कृत वाक्य रचून त्याला प्राकृताचे नियम लावायचे. हे बऱ्याच अंशी खरं आहे. राजशेखरानं कर्पूरमंजरी संपूर्ण प्राकृतात लिहिली तोवर लोकांच्या बोलण्यात अपभ्रंश, म्हणजे प्राकृताच्या पुढची पायरी, आला होता. पण मग संस्कृत तरी त्या काळी कुठल्या चौकात बोललं जात होतं? रंगभूमीवरच्या सगळ्याच भाषा घडवलेल्या असतात, त्यांचा एकमेकींशी असलेला फरक हा नाटकाचा भाग आहे आणि तो लेखकानं ठेवलेला आहे, एवढं आपल्याला पुरे.

दुसरा आक्षेप पाठांचा. हस्तलिखितांत प्राकृत फार बिघडलेलं आहे, नकलाकारांना ते नीट येत नव्हतं, एका प्रतीत एक रूप आणि दुसरीत दुसरं. जर्मन अभ्यासक पिशेलनं 1900 मध्ये प्राकृतांचं मोठं व्याकरण छापलं, त्याआधी 1877 मध्ये शाकुंतलाचा बंगालमध्ये चालत आलेला पाठ संपादित केला. स्टेन कोनोवनं 1901 च्या कर्पूरमंजरीत गद्य शौरसेनीत आणि पद्य महाराष्ट्रीत असं नियमाप्रमाणे सुधारून घेतलं, पुढे मनोमोहन घोषांनी त्याला विरोध केला. हा वाद गंभीर आहे, पण तो ‘कुठलं प्राकृत’ याचा वाद आहे. त्यातून ‘प्राकृतच नको’ असा निष्कर्ष निघत नाही. संस्कृत श्लोकांतही पाठभेद असतातच की, म्हणून आपण त्यांची मराठी छाया करून ती मूळ म्हणून शिकवत नाही.

तिसरा आक्षेप नाटकवाल्यांचा, प्रेक्षकाला कळणार नाही. संस्कृत तरी किती जणांना कळतं? जो प्रेक्षक संस्कृत नाटकाला येतो तो अर्धं अभिनयावर, अर्धं आधी वाचलेल्या कथेवर आणि अधूनमधून ओळखीच्या शब्दांवर चालवून घेतो. पडद्यावर मराठी अर्थ दाखवायची सोय आता कॉलेजच्या हॉलमध्येही होते. आणि केरळात कूडियाट्टम शतकानुशतकं चालू आहे, 2001 मध्ये युनेस्कोनं त्याचा गौरव केला, तिथं विदूषक प्राकृत बोलतो आणि मग तेच मल्याळममध्ये उलगडून सांगतो, विस्तार करतो, समोरच्या लोकांच्या आयुष्यापर्यंत आणून सोडतो. ही परंपरा आपल्याकडं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण विदूषकाचं प्राकृत मराठीत उलगडायला जितकं सोपं जाईल तितकं दुसरं काहीच जाणार नाही.

इथं एक सावधगिरीही सांगते, कारण उत्साहाच्या भरात आपल्याकडं उलट्या टोकाला जायची सवय आहे. महाराष्ट्री प्राकृत म्हणजे जुनी मराठी, म्हणजे शकुंतला मराठीत गात होती, असं कुणी म्हणू नये. काव्यशास्त्रकार दंडी म्हणतो की महाराष्ट्राच्या आश्रयानं वाढलेली भाषा ती उत्कृष्ट प्राकृत, ते खरं, पण नाट्यशास्त्राच्या सात भाषांत महाराष्ट्रीचं नावच नाही, आणि घोषांसारख्या अभ्यासकांनी तर महाराष्ट्री ही शौरसेनीचीच पुढची पायरी आहे असं मांडलं. शिवाय शाकुंतलातली दुष्यंताची राणी, हस्तिनापुरातली हंसपदिकाही महाराष्ट्रीतच गाते, ती काही महाराष्ट्रातली नव्हती, गाण्याची ती भाषा ठरून गेली होती. जुनी गायकी जशी एखाद्या प्रांतातून निघून सगळीकडे पसरते तसं ते झालं. आपलं नातं आहे, ते लांबचं आणि मध्ये अपभ्रंशाचे टप्पे असलेलं आहे, आणि ते तसंच सांगितलं तरी पुरेसं मोठं आहे.

कारण मराठी माणसांनी ही परंपरा खरंच चालवली होती. राजशेखर स्वतःच्या पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो, कर्पूरमंजरी त्यानं पत्नी अवंतिसुंदरीच्या इच्छेवरून रंगभूमीवर आणली, आणि त्यातला विदूषक दक्षिणापथातल्या वच्छोम नगराचं नाव घेतो, म्हणजे वत्सगुल्म, आपलं वाशीम. अठराव्या शतकात तंजावरला तुकोजीराजे भोसल्यांच्या दरबारातला घनश्याम हा मंत्री आनंदसुंदरी नावाचं नाटक आख्खं प्राकृतात लिहितो आणि त्याच्या प्राकृतात मराठी शब्द डोकावतात. कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्ये यांनी ते संपादित करून छापलं. पुण्यात अमृत माधव घाटगे यांनी प्राकृताच्या कोशासाठी आयुष्य घातलं. म्हणजे माणसं नव्हती, साधनं नव्हती असं म्हणायला जागा नाही. माणसं होती, त्यांचं काम संशोधनाच्या कपाटात राहिलं आणि वर्गात मात्र छाया वाचली गेली.

करायचं काय तर फार मोठं नाही. पदवीच्या वर्गात नाटक लावलं असेल तर प्राकृत उताऱ्यांवर प्रश्न ठेवा, मार्क ठेवा, मग मुलंही वाचतील आणि शिक्षकही. र चा ल, स चा श, मधल्या क-ग-त-द चं गळणं, जोडाक्षरांचं द्वित्त होणं, एवढे चार-पाच नियम दोन तासांत शिकवता येतात आणि त्यावर मराठी मुलं पुढचं स्वतःच ओळखतात. मराठी विभागांनीही हे उतारे घ्यावेत, भाषेच्या इतिहासाच्या पेपरात नुसती नियमांची जंत्री देण्यापेक्षा शकुंतलेचं पत्र द्यावं. संपादकांनी छाया जरूर द्यावी, ती उपयोगाचीच आहे, पण मूळ मोठ्या अक्षरात आणि छाया बारीक. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी प्राकृतावरून थेट करावं, छायेवरून नको. मात्र कोळ्याच्या तोंडी आजच्या कुठल्या समाजाची बोली हशा मिळवण्यासाठी घालणं मला पटत नाही, तो जुना भेदभाव नव्यानं जिवंत माणसांवर लादणं होईल.

आणि स्टेजवर सुरुवात करायची तर शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आधीचा प्रवेशक घ्या. प्रवेशक म्हणजेच शास्त्रानुसार ज्यात फक्त खालच्या दर्जाची पात्रं येतात आणि संस्कृत अजिबात नसतं असा प्रसंग, त्यामुळे तो संस्कृतात करणं ही तर व्याख्येतच चूक आहे. चार माणसं लागतात, नगररक्षक, सूचक आणि जानुक हे दोन शिपाई, आणि अंगठी विकताना पकडलेला कोळी. नगररक्षक शौरसेनीत बोलतो आणि बाकीचे मागधीत, म्हणजे साहेब आणि शिपाई यांच्यातली पायरीसुद्धा भाषेत आहे. साहेब कोळ्याच्या धंद्याला टोमणा मारतो, वा, काय पवित्र पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि हात बांधलेला कोळी त्याला पद्यात उत्तर देतो की जन्मानं आलेलं काम निंद्य असलं तरी सोडू नये, मनानं दयाळू असलेला श्रोत्रियसुद्धा यज्ञात पशू मारताना क्रूर होतोच की. यात जातीचं काम सोडू नका हा विचारही आहे, तो मला मान्य नाही, पण वैदिक ब्राह्मणाशी स्वतःची बरोबरी करण्याची त्या माणसाची हिंमत त्याच ओळींत आहे, आणि ती मागधीत आहे. सूचक म्हणत असतो की याला वधासाठी फुलं बांधायला माझे हात शिवशिवतायत. मग राजाकडून सुटका आणि बक्षीस येतं, आणि कोळी त्यातलं अर्धं याच शिपायांपुढं ठेवून म्हणतो, हे तुमच्या फुलांचे पैसे. सगळा प्रसंग पंधरा-वीस मिनिटांत होतो, सेट लागत नाही, एकही अवघड समास नाही, आणि चार मराठी मुलांनी तो महिनाभर तालीम करून मूळ प्राकृतात केला तर प्रेक्षकातल्या कुणालाही छायेची गरज पडणार नाही.